रात्री आग होणारे तळपाय आणि मधुमेह : निदान, औषधं, अनुभव

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. मधुमेहींच्या आहारावर इथे भरपूर धागे आहेत. पायांवर एकही सापडला नाही, म्हणून हा काढते आहे.

बाबा ७१ वर्षांचे. मधुमेह जुना, गोळ्या चालू, साखर बरी म्हणण्यासारखी. गेल्या दिवाळीनंतर त्यांची झोपच उडाली. दिवसा फारशी तक्रार नसते. रात्री दिवा मालवला की तळपायांची आग सुरू होते. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, म्हणून पाय पलंगाबाहेर काढून झोपतात. मध्यरात्री उठून स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर पाय टेकून बसलेले दिसतात. मधूनच अंगठ्यात अशी चमक येते की तोंडातून आवाज निघतो. आणि त्याच पायांतली चप्पल चालता चालता निसटली तर त्यांना पत्ता लागत नाही.

खोबरेल तेल, काशाची वाटी, सब्जा, केमिस्टने दिलेली दुखण्याची गोळी, सगळं झालं. भेटेल तो "वयाने होतंच" म्हणतो, नाहीतर "उष्णता आहे" म्हणतो.

शेवटी एका मधुमेहतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवून आधी बाबांना मोजे काढायला सांगितले. तळवे पाहिले, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपली. मग छोट्या दांडीला बसवलेला नायलॉनचा धागा घेतला. आधी बाबांच्या हाताला टेकवून "असं लागेल, लागलं की हो म्हणा" असं सांगितलं आणि डोळे मिटायला लावले. अंगठ्याच्या टोकाला धागा टेकवला, वाकेपर्यंत दाबला, उचलला. मग चवड्यावर. बाबा डोळे मिटून शांत बसलेले. थोड्या वेळाने म्हणाले, "करा सुरू, डॉक्टर." तोवर उजव्या पायाच्या चार जागा तपासून झाल्या होत्या.

त्यानंतर कंप पावणारा काटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, तो कळला नाही. घोट्यावर कळला. टाचेमागे हातोडी मारली, पाऊल हललं नाही. निदान : मधुमेहामुळे पायांच्या नसांना झालेली इजा, म्हणजे न्यूरोपॅथी. रक्ताच्या काही तपासण्या लिहून दिल्या आहेत आणि रात्री प्रीगॅबालिन ७५.

आता माझे प्रश्न. ज्या पायाची एवढी आग होते त्याच पायाला स्पर्श कळत नाही, हे कसं? नसांची ती विजेची तपासणी (एनसीव्ही) करून घ्यावी का? गोळीने सकाळी बाबांचा तोल जातो, ती बंद करावी का? ज्यांच्या घरी हे झालं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रास्तापेठी

चांगला धागा. मी स्वतः यातून जातो आहे, संध्याकाळी निवांत लिहितो. तूर्त एकच सांगतो : गोळी एकदम बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा, ते डोस कमी करून देतील.

अनुजा_हडपसर

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या आईचंही असंच आहे, फक्त तिला आग नाही, "कापसावर चालल्यासारखं वाटतं" म्हणते.

वैद्यकीय_सेवक

मी फिजिशियन आहे, मधुमेहाची ओपीडी करतो. इथे कुणाचा डोस ठरवणार नाही, पण प्रश्न महत्त्वाचे आहेत म्हणून लांब लिहितो.

कर्वेनगरकर, तुमच्या बाबांची तपासणी योग्य झाली आहे. या आजाराचं निदान मुख्यतः तक्रार ऐकून आणि पाय हाताळूनच होतं. तो नायलॉनचा धागा १० ग्रॅम दाबाला वाकतो, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. तेवढा दाबही कळत नसेल तर त्या पायाचं आपोआप होणारं संरक्षण गेलं असं समजायचं. कंपाचा काटा १२८ हर्ट्झचा असतो.

आता आग आणि बधिरपणा एकत्र कसे? कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब, म्हणून वाढलेल्या साखरेचा फटका आधी त्यांच्या टोकांना बसतो. तक्रार दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्याच्या आकारात वर सरकते ती यामुळेच. यात दोन प्रकारचे तंतू असतात. बारीक तंतू वेदना आणि गरम-गार कळवतात, जाड तंतू दाब, कंप आणि तोल सांभाळतात. इजा झालेले बारीक तंतू बाहेरून काही न लागताही आपणहून संदेश सोडत राहतात, ती आग आणि चमक. जाड तंतूंकडून मात्र खऱ्या स्पर्शाचा संदेशच वर पोचत नाही. म्हणजे बाबा सांगतात त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवा, हे मुद्दाम सांगतो, कारण "एकीकडे दुखतं म्हणता, एकीकडे कळत नाही म्हणता" असं घरचेच बोलून दाखवतात.

रात्रीच का वाढतं? दिवसभराच्या हालचालीत आणि गडबडीत वेदनेकडे लक्ष कमी जातं, निवांत पडल्यावर ती समोर येते. याचा निदानाला उपयोगही होतो. चालताना पोटरी आवळते आणि थांबलं की मोकळी होते, असं असेल तर संशय रक्तपुरवठ्यावर. चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, तर कंबरेच्या मणक्यावर. झोपल्यावर वाढतं आणि चार पावलं चाललं की थोडं शमतं, ते बहुधा नसांचं.

एनसीव्ही जाड तंतूंचीच तपासणी आहे. बारीक तंतूंचा त्रास असेल तर ती नॉर्मल येते आणि रुग्णाला "तुम्हाला काहीच नाही" असं सांगून घरी पाठवलं जातं. बाबांसारख्या नेहमीच्या चित्रात तिची गरज नाही. एकाच पायाला त्रास, झपाट्याने वाढणारा त्रास, पायातली ताकद जाणं, पायांआधी हातांना सुरुवात, यातलं काही असेल तर मात्र न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि ती कराच. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगही तपासावा लागतो. तो आजही आपल्याकडे आहे, पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत.

सिंहगडरोडवाला

डॉक्टर, आमच्या सोसायटीत मध्यंतरी मोफत शिबिर झालं. पायाला एक मशीन लावून व्होल्टचा आकडा देत होते. माझा दोन्ही पायांना २८ आला. लगेच "नसा वाळत चालल्यात" म्हणून महिन्याभराच्या पॅकेजची पावती फाडायला बसले. मला आग नाही, मुंग्या नाहीत. घाबरावं का?

वैद्यकीय_सेवक

त्या यंत्राला बायोथेसिओमीटर म्हणतात. यंत्र चांगलं आहे. हळूहळू कंप वाढवत नेतात आणि तो तुम्हाला किती व्होल्टला कळला ते नोंदवतात. २५ च्या वर गेला तर पुढे पायाला जखम होण्याचा धोका जास्त, असा त्याचा अर्थ. वेदनेचं माप ते नव्हे.

पॅकेज घेऊ नका, पण आकडा सोडूनही देऊ नका. या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना कसलीही तक्रार नसते. दुखतं तो माणूस डॉक्टरकडे येतो. ज्याला दुखत नाही त्याच्या पायात काच जाते आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसल्यावर कळतं. मला जास्त काळजी तुमच्यासारख्यांची असते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पाय नीट तपासून घ्या आणि दर वर्षी घेत राहा. टाईप २ मध्ये ही तपासणी मधुमेह कळला त्याच वेळी करायची असते, टाईप १ मध्ये पाच वर्षांनी सुरू करतात.

पाऊलवाट

मी पायांच्या जखमांच्या ड्रेसिंगचं काम करते. घरी करता येईल अशी एक सोपी तपासणी सांगते. तिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात, इंग्लंडमधल्या त्या गावच्या डॉक्टरांनी बसवलेली आहे.

ज्यांची तपासणी त्यांना आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला हलकेच टेकवा. एक-दोन सेकंद, बस. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं होतात. कळलं की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. एकाच बोटाला पुन्हा पुन्हा हात लावून "आता कळलं का" विचारू नका, दुसऱ्यांदा माणूस अंदाजाने हो म्हणतो. सहापैकी दोन किंवा जास्त कळली नाहीत तर दवाखान्यात तपासणी हवी.

भोरकर

आत्ताच वडिलांची केली. सहाही कळली. धन्यवाद ताई.

अनुजा_हडपसर

आईला डाव्या पायाची दोन आणि उजव्याचं एक नाही कळलं. सोमवारी नेते.

रास्तापेठी

आता माझं सांगतो. पहिल्यांदा मला अमिट्रिप्टिलिन दिलं, १० ची गोळी, रात्री. झोप उत्तम लागली, आग कमी झाली, पण तोंड कोरडं पडायचं आणि लघवी अडायला लागली. प्रोस्टेटचा त्रास आधीपासून होताच. बदलून प्रीगॅबालिन दिलं. त्याने चमका थांबल्या, पण घोट्यांवर सूज आली आणि वजन वाढलं. मग डुलॉक्सेटिन. पहिला आठवडा मळमळीचा गेला, पोटभर जेवणानंतर घ्यायला लागलो तशी ती गेली. आज पूर्वीच्या निम्म्यानेही दुखत नाही.

पूर्ण थांबलेलं नाही. पण मी रात्री सलग झोपतो, सकाळी सारसबागेला चक्कर मारतो, नातीशी चिडून बोलत नाही. वेदनेने माणूस घरात सगळ्यांवर खेकसायला लागतो आणि घरच्यांना कारण कळत नाही, याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

सिंहगडरोडवाला

काका, तिन्हींत सर्वांत चांगलं कुठलं मग?

वैद्यकीय_सेवक

याचा थेट अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमध्ये १३० रुग्णांवर केला, २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमिट्रिप्टिलिन, डुलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन, प्रत्येकाने सुरुवात करून पाहिली आणि पुरेसा आराम नसेल तर दुसऱ्याची जोड दिली. सुरुवातीला दहापैकी साधारण साडेसहा असलेली वेदना सोळा आठवड्यांनी तिन्ही मार्गांनी जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे औषध निवडायचं ते रुग्णाचे बाकीचे आजार पाहून. काकांसारखा प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर अमिट्रिप्टिलिन नको. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रीगॅबालिनचा डोस कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिन आधी पाहायचं. यकृताचा आजार असेल तर डुलॉक्सेटिन टाळायचं. उतारवयात तिन्ही औषधं कमीत कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवायची.

दुसरी गोष्ट, निम्मी वेदना कमी होणं हे या आजारात यश आहे. "गोळी घेतली तरी थोडं दुखतंच" म्हणून दोन आठवड्यांत औषध सोडणारे पुष्कळ. रोज सकाळी उठल्यावर रात्रीच्या वेदनेला दहापैकी एक आकडा देऊन कॅलेंडरवर लिहा. पुढच्या भेटीत ते कॅलेंडर दाखवा, त्यावरून निर्णय घेणं फार सोपं जातं.

कर्वेनगरकर, सकाळी तोल जाणं हा प्रीगॅबालिनचा नेहमीचा त्रास आहे आणि पाय बधिर असताना तो धोक्याचा आहे, माणूस पडतो. आजच डॉक्टरांशी बोला. तोवर रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा आणि उठल्याबरोबर उभं न राहता पलंगाच्या कडेला मिनिटभर बसू द्या.

आणि केमिस्टकडच्या त्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक वगैरे, कृपया बंद करा. नसांच्या वेदनेवर त्या चालत नाहीत. मधुमेहात आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडाला मात्र इजा करतात.

मुक्काम_पिंपरी

माझ्या भावाचं उलटंच झालं. साखर प्रचंड होती, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) १२ च्या वर. इन्शुलिन सुरू केलं, खाणं एकदम कडक केलं, तीन महिन्यांत ७ वर आणलं. सगळ्यांनी कौतुक केलं आणि त्यानंतर पायांची अशी भयंकर आग सुरू झाली की तो रडायचा. आता म्हणतो इन्शुलिननेच नसा गेल्या, बंद करतो. काय समजवावं?

वैद्यकीय_सेवक

बंद करू देऊ नका. हा प्रकार माहीत असलेला आहे. फार काळ चढलेली साखर फार झपाट्याने उतरवली की काही जणांना अशी तीव्र वेदना होते. इन्शुलिनच नव्हे, गोळ्या आणि कडक पथ्यानेही होते. कारण उतरण्याचा वेग हे आहे, इन्शुलिन नव्हे. साखर स्थिर राहिली तर ही वेदना बहुतेकांची काही महिन्यांत ओसरते. तोवर वेदनेचं औषध व्यवस्थित द्यायचं. त्याच काळात डोळ्यांच्या पडद्याचा आजारही बळावू शकतो, म्हणून त्यांचे डोळे या आठवड्यातच तपासून घ्या.

मुक्काम_पिंपरी

हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्याला हा प्रतिसाद वाचून दाखवतो.

अनुजा_हडपसर

साखर नीट ठेवली तर गेलेली संवेदना परत येते का?

वैद्यकीय_सेवक

खोटी आशा देत नाही. जुनी इजा पूर्ववत करणारं औषध आज नाही. साखर सांभाळली तर पुढची इजा मंदावते. टाईप १ मध्ये हा फायदा फार ठळक आहे, १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात न्यूरोपॅथी सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसली. टाईप २ मध्ये नुसत्या साखरेने तेवढा फरक पडत नाही. तिथे वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी, तंबाखू आणि दारू, सगळ्यांकडेच बघावं लागतं. पण एक कारण असं आहे की वेळीच पकडलं तर सुधारतं, ते म्हणजे बी-१२ ची कमतरता. ती तपासली का?

कर्वेनगरकर

रिपोर्ट आजच आला. बी-१२ बरंच कमी आहे. थायरॉईड, क्रिएटिनिन ठीक. गोळीचा डोसही कमी करून दिला, तोल जाणं थांबलं आहे. बाबा पूर्ण शाकाहारी आणि मेटफॉर्मिन खूप वर्षांपासून चालू.

वैद्यकीय_सेवक

अगदी नेहमीची जोडी. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं, आणि शाकाहारात मुळात ते दूध-दही सोडलं तर मिळत नाही. आपल्या भागात ही कमतरता किती खोल आहे हे पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामातून पुढे आलं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. पुण्यात मधुमेहींच्या पायांना मुंग्या आल्या की साखरेइतकंच बी-१२ कडे बघायला हवं ते म्हणून.

मात्र मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करायचं नाही. ते चालू ठेवून बी-१२ भरून काढता येतं.

दोन सूचना सर्वांसाठी. एक, आधी रक्त द्या आणि मगच बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करा. प्रीगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास दिलं जातं. ती सुरू झाली की रक्तातला आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ कमतरता होती की नव्हती, हे कधीच कळत नाही. दोन, नसांच्या ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांची पट्टी उलटून बी-६ किती आहे ते वाचा. जास्त डोसमध्ये वर्षानुवर्षं घेतलेलं बी-६ स्वतःच नसांना इजा करतं आणि तक्रार हुबेहूब हीच असते, मुंग्या आणि बधिरपणा. मग रुग्ण आणखी एक गोळी वाढवतो.

सिंहगडरोडवाला

माझ्या टेबलावर अशा दोन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत, दोन्हींत बी-६. उद्या डॉक्टरांना दाखवतो.

अनुजा_हडपसर

काशाच्या वाटीबद्दल कुणी सांगेल का? आईला त्याने झोप लागते. तूप लावून रोज चोळून घेते, तळवे काळे पडले की "उष्णता निघाली" म्हणते.

पाऊलवाट

झोप लागत असेल तर हलक्या हाताने चोळायला हरकत नाही. कुणीतरी प्रेमाने पाय हातात घेऊन बसतं, तेवढ्याने आराम पडतो. पण आईची तीन बोटं बधिर आहेत असं तुम्हीच वर लिहिलं आहे. त्यांना जोर जास्त झालेला कळणार नाही, कातडी सोलवटते. भेग, फोड किंवा भोवरी असेल त्या दिवशी वाटी नको. चोळून झाल्यावर कोमट पाण्याने धुवायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तूप, तेल, मलम बेचक्यात राहू द्यायचं नाही, तिथे बुरशी धरते.

पाणी कोमट आहे की नाही हे आईच्या पायाने ठरवायचं नाही. तुम्ही कोपर बुडवून बघा. मी पाहिलेल्या वाईट जखमांपैकी कितीतरी गरम पाण्याच्या बादलीतल्या आणि शेकायच्या पिशवीच्या आहेत. ज्यांना झाल्या त्यांना भाजत असताना काहीच कळलं नव्हतं.

भोवरीला लावायच्या औषधी पट्ट्या मिळतात त्याही नकोत. त्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडीही खातं. ब्लेडने भोवरी कापणं तर नकोच नको.

भोरकर

ताई, चपलेचं काय? वडील अंगठ्याची चप्पल सोडत नाहीत. आणि दर वर्षी पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतात, बरेचदा अनवाणी. मधुमेह आहे, पण वर लिहिल्याप्रमाणे सहाही बोटं कळली.

पाऊलवाट

संवेदना शाबूत आहे ही मोठी गोष्ट, ती तशीच राहावी म्हणून सांगते. अनवाणी नको. देवासाठी चालायचं तर मोज्या-बुटात चाललेलंही देवाला पोचतं, असं मी माझ्या रुग्णांना सांगते आणि बहुतेक ऐकतात. दिवे घाटाचा तो टप्पा लांबलचक आहे, डांबर तापलेलं असतं, पाऊस आला तर बूट ओले होतात. नवे बूट त्या दिवशी घालायचे नाहीत, आधी महिनाभर पायात रुळलेले हवेत. मोज्यांचे दोन जादा जोड पिशवीत ठेवा, ओले झाले की बदला. पांढरे मोजे घ्या, रक्त किंवा पू लागला तर लगेच दिसतो. प्रत्येक विसाव्याला बूट काढून तळवे बघा, आणि ते वडिलांनी नाही, बरोबरच्या माणसाने बघायचे. ज्याला पूर्वी पायाला जखम होऊन गेली आहे त्याने मात्र हा टप्पा वाहनाने करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चप्पल : अंगठ्याची चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते. बधिर पायातून ती निसटते, बाबांचं तेच होतं आहे. मागे पट्टा असलेली, आत मऊ एमसीआर रबराचा तळ असलेली घ्या. खरेदीला संध्याकाळी जा, पाय दिवसअखेर थोडे सुजतात. आणि लक्ष्मी रोडच्या दुकानात बसून "मला बरोबर बसली" या शब्दावर घेऊ नका. बधिर पायाला सैल चप्पल पायात आहे हेच जाणवत नाही, म्हणून माणूस घट्ट निवडतो. घरून कागदावर उभ्या पावलाची रेघ मारून, कापून न्या. तो कागद बुटात सरकवा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे, कितीही सुंदर असला तरी परत ठेवा. घालायच्या आधी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा, रोज.

देवळात काय करायचं असं विचारतात. उन्हाळ्यात दुपारी पर्वतीच्या दगडावर बधिर पाय ठेवू नका. सकाळी लवकर जा, जाड मोजे घाला.

रास्तापेठी

कागदाची युक्ती उत्तम. मी माझ्या चार जोडांवर करून पाहिली, दोन जोड वॉचमनला देऊन टाकले. त्याला मधुमेह नाही, विचारूनच दिले.

कर्वेनगरकर

बाबांना मागच्या पट्ट्याची सँडल घेतली. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. कॅलेंडरवर आकडे लिहितात : आधी आठ-नऊ असायचे, या आठवड्यात पाच-सहा दिसताहेत. काल रात्री तीन होता, तिथे त्यांनी तारखेभोवती गोल केला आहे.

अनुजा_हडपसर

डॉक्टर, तातडीचं विचारते. आईचा उजवा पाय कालपासून सुजला आहे. लाल आहे, हाताला गरम लागतो. मागच्या आठवड्यात पायरीवर थोडा मुरगळला होता. पण ती म्हणते दुखत नाही, घरात चालते आहे. सोमवारची अपॉइंटमेंट आहेच, तोवर थांबू का?

वैद्यकीय_सेवक

थांबू नका, आजच जा. आत्तापासून त्या पायावर वजन टाकायचं नाही, बाथरूमलाही खुर्चीवरून न्या. कुठे जखम किंवा ताप आहे का बघा. बधिर पाय गरम, लाल, सुजलेला आणि फारसा न दुखणारा असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शार्को समजायचं. यात पावलाची हाडं आतल्या आत मोडत जातात आणि दुखत नाही म्हणून माणूस त्यावर चालत राहतो. महिन्याभरात पावलाचा आकार कायमचा बिघडू शकतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो. कुणी गाऊट म्हणेल, कुणी नुसतं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक देऊन पाठवेल. तुम्ही होऊन सांगा : मधुमेह आहे, पाय बधिर आहे, मुरगळला होता, शार्को तर नाही ना ते बघा. दुसऱ्या पायापेक्षा किती गरम आहे ते मोजायला सांगा.

अनुजा_हडपसर

तेच निघालं. एक्स-रेत काही दिसलं नव्हतं, एमआरआयमध्ये दिसलं. गुडघ्याखाली प्लास्टर घातलं आहे, ते काही महिने दर थोड्या दिवसांनी बदलत राहणार. पाय अजिबात टेकायचा नाही. डॉक्टर म्हणाले लवकर आणलंत, आकार शाबूत आहे. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आता अडचण अशी की आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि घरात चाकाची खुर्ची नाही.

रास्तापेठी

खुर्चीची काळजी करू नका. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे रुग्णसाहित्य आहे, अनामत ठेवून चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची आणि वॉकर मिळतो. पत्ता आणि फोन व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. उद्या अकरापर्यंत कुणाला तरी पाठवा, मी तिथे असेन.

पाऊलवाट

अनुजाताई, तोवर आईंना जिन्यावरून उतरवूच नका. आणि दुसऱ्या पायाला विसरू नका, आता सगळा भार त्याच्यावर येणार. रोज रात्री त्याचा तळवा बघा, बेचक्यांसकट.